एका ओळीचा गॅस

आमच्याकडे क्रीटमध्ये दक्षिणेचा वारा सुटला की माणसं दारं आपटतात आणि दोष वाऱ्याला देतात. समुद्रापलीकडच्या वाळवंटातून निघालेला हा लिवास मेसाराच्या सपाटीवर चढतो, ऑलिव्हची पानं उलटी करतो, कुत्र्यांना उगाच भुंकायला लावतो, नांदत्या घरात भांडण पेटवतो आणि काही न घडल्यासारखा डोंगराकडे निघून जातो. मिरोनकाकांच्या लेकीच्या, रोदांथीच्या लग्नादिवशी तो पहाटेपासूनच अंगणात येऊन बसला होता, बिनबोलावता.

मी आणि बाबा हॉलच्या गच्चीवर. खाली मिरोनकाकांचा लग्नाचा हॉल, तिन्ही बाजूंनी काच. वर त्याला थंड करणारी यंत्रं, कपाटाएवढी, ओळीनं उभी. त्यांतलं सगळ्यात मोठं रिकामं पडलं होतं. पितळी नटाला तडा जाऊन सगळा गॅस उडाला होता. नट आम्ही आदल्या दिवशी बदलला, पंप लावून पाइपांतली हवा आणि ओल ओढून घेतली. आता फक्त गॅस भरायचा होता. गावात इतरांची लग्नं लावून देणाऱ्या मिरोनकाकांच्या घरचंच आज लग्न होतं. अख्खी मेसारा जेवायला येणार होती, आणि हॉलमधल्या टेबलांवरच्या मेणबत्त्या न पेटवताच वाकायला लागल्या होत्या.

"सिंदेक्ने!" खालून मिरोनकाका ओरडले. "केक घामाघूम झालाय रे!"

"त्याला सावलीत बसव आणि थोडी राकी पाज!" बाबांनी वरून उत्तर दिलं.

आम्हा क्रीटच्या माणसांत मुलाचा बाप आणि मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा धर्मपिता एकमेकांना सिंदेक्ने म्हणतात. सख्खे भाऊ बांधावरून भांडतात, पण सिंदेक्ने भांडत नाहीत. रोदांथी तान्ही असताना बाबांनी तिला तेल माखून, याच दोन हातांवर घेऊन कुंडात बुडवलं होतं. आज संध्याकाळी चर्चमध्ये नवरानवरीच्या डोक्यांवरचे मुगुट अदलाबदल करायचे तेही त्यांनीच. आणि हॉल थंड करायचा तोही त्यांनीच. दुसऱ्या कुणाला बोलावणं म्हणजे मिरोनकाकांनी त्यांच्या तोंडावर थुंकण्यासारखं झालं असतं.

मी अर्गिरो, त्यांची लेक. या कामाचं लायसन माझ्याही नावावर आहे, गाडीच्या दारावर दोघांचं नाव रंगवलंय. पण गॅस भरताना व्हॉल्व्ह त्यांच्याच हातात.

त्यांची रीत सगळ्या मेसाराला ठाऊक. वजनकाटा गाडीत पडलेला असतो, ते त्याला हात लावत नाहीत. यंत्र चालू करायचं, सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि एक मान्तिनादा म्हणायची, आमच्या दोन ओळींच्या गाण्यातलं एक. गाणं संपलं की व्हॉल्व्ह बंद. मग यंत्राकडे परतणारा जाड पाइप उघड्या तळव्यात धरायचा, डोळे मिटायचे, आणि तळवा काय म्हणतो ते ऐकायचं. झऱ्यातून काढलेल्या बाटलीसारखा पाइप लागला की काम झालं. नाही लागला तर आणखी एक मान्तिनादा. नवा गॅस आला, जोरदार, द्रवरूपात भरायचा. तेव्हा बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "याला एकच ओळ. दुसरी व्हॉल्व्ह बंद करून म्हणायची." इतका बदल त्यांनी काळाला दिला होता.

आणि आश्चर्य म्हणजे ते चुकत नसत. मी गुपचूप काटा लावून पाहिलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. पोस्टाच्या इमारतीत, बँकेत, टोमॅटोच्या गोदामात.

या ईस्टरपर्यंत.

ईस्टरला आई तव्यावरून उतरवलेला तापलेला चिमटा त्यांच्या हातात देऊन विसरली. ते तो धरून गप्पा मारत उभे राहिले, आणि आम्हाला सगळ्यांना जळका वास आला. ते हसले. म्हणाले, "कातडं आहे की बैलाचं चामडं!" सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर मात्र माझा डोळा त्यांच्या हातावरून हलेना. ते बटण लावताना खाली बघत. नाणी मोजताना एकेक टेबलावर ठेवत. रक्तातल्या साखरेच्या गोळ्या कित्येक वर्षं घेतात, विसरतात, पुन्हा घेतात. पण मी विचारणार कशी? ते तर ऐन तारुण्यापासून सांगत आले होते, चारचौघांत, ग्लास आपटून: "ज्या दिवशी या हाताला कळायचं थांबेल, त्या दिवशी हा मानूसोस शिडीला पाय लावणार नाही." म्हणजे विचारणं आणि शिडी काढून घेणं एकच होतं.

मी म्हटलं, "बाबा, आज काटा लावू या का? वारा गरम आहे, अंदाज चुकतो."

"वारा गरम आहे म्हणून पाइप खोटं बोलेल?"

"तसं नाही, पण..."

"पण गाडीत काटा आहे, आणि त्याला फिरायला आणायचंय. आण, बसव त्या कोपऱ्यात, बघू दे बिचाऱ्याला लग्न."

मी खाली जाऊन काटा आणला. त्यांनी सिलिंडर त्यावर ठेवूच दिला नाही.

यंत्र सुरू झालं. पंख्यानं वरची तापलेली हवा आणखी तापवून आमच्या अंगावर टाकली. खाली अंगणात मोठ्या कढयांमध्ये मटण शिजत होतं. त्याच्या रश्श्यात लग्नाचा भात व्हायचा होता, त्याची वाफ वाऱ्याबरोबर वर येत होती. कुणीतरी लिरा लावून बघत होतं, तीच तार पुन्हा पुन्हा, सूर सापडेना. बाबांनी व्हॉल्व्ह उघडला आणि आवाज लावला:

"वाऱ्या, तुला ना घर ना दार, ना कडी ना कुलूप रे..."

व्हॉल्व्ह बंद.

"माझ्या मनाचं नि तुझं एकसारखं रूप रे."

पाइप हातात. डोळे मिटलेले. मी पाइपाकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले.

दुसरी मान्तिनादा. तिसरी. दर वेळी तेच, "नाही." लहानपणी मी शिडीच्या पायथ्याशी उभी राहून त्यांच्या प्रत्येक मान्तिनादेला उलटी मान्तिनादा जोडायचे. आमच्यात ऐकलेल्या गाण्याला उत्तर न देणं म्हणजे हरणं. आज मी नुसत्या ओळी मोजत होते.

"डोंगरावरचं बर्फ पुसे, शिवार का गं तापलं..."

"लेक निघाली सासरी नि बापाचं मन कापलं!" खालून मिरोनकाकांनीच दुसरी ओळ पूर्ण केली. आवाज मध्येच चिरकला. भटारखान्यातल्या बायका हसल्या. "रडू नकोस रे सिंदेक्ने, भात खारट होईल!" बाबा ओरडले. पण ओरडताना त्यांचा हात व्हॉल्व्हवरच होता, उघड्या व्हॉल्व्हवर.

"बाबा, व्हॉल्व्ह!"

त्यांनी झटकन बंद केला. पाइप धरला. कपाळाला आठ्या.

पाइप रडत होता. खरंच सांगते, घळाघळा रडत होता. काळ्या आवरणातून पाणी ठिबकत होतं, जोडापाशी पांढरं दव धरायला लागलं होतं. गच्चीच्या तापल्या फरशीवर थेंब पडत होते आणि पडता पडताच वाळत होते. आणि त्याला मुठीत धरून माझे बाबा, डोळे मिटून, म्हणत होते, "अजून नाही. कोमट आहे."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात यंत्र धाप लागल्यासारखं घुरघुरलं आणि बंद पडलं. आत गॅस जास्त झाला, दाब चढला की ते स्वतःलाच बंद करतं.

"जास्त झालाय," मी म्हटलं.

"जास्त? अगं पोरी, जातच नाहीये आत! सिलिंडरचा होज तुंबलाय." त्यांनी पान्याशिवाय, बोटांनीच होजचा नट धरला.

"बाबा, थांबा! आधी व्हॉल्व्ह बघा, होजमध्ये..."

नट फिरला. पांढरा फवारा सुटला. द्रवरूप गॅस, ज्याचा एक थेंब हातावर पडला तर माणूस आईला हाक मारतो. तो बाबांच्या तळव्यावर, मनगटावर आदळत होता. आणि ते नट धरून, त्या धुक्यात वाकून, शांतपणे सांगत होते, "बघ, होजमध्ये आहे की गॅस. मग आत का जात नाही? हा आतला खिळाच अडकला असेल..."

मी धावले, त्यांच्या बोटांनी अर्धवटच मिटलेला सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. मी किंचाळले होते बहुतेक, कारण खाली लिरा थांबली.

"काय झालं? काय ओरडतेस?" बाबा रागावले.

"हात."

"काय हाताला?"

"बघा तुमचा हात."

त्यांनी पाहिला. तळवा पांढराफटक, मेणासारखा, अंगठ्याखालचा फुगीर भाग गोठलेला. ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा तरी हात चुकून त्यांच्या बाहीत आल्यासारखे.

"दुखत नाही," ते म्हणाले.

"तेच तर, बाबा."

वारा मध्येच पडला. एवढा वेळ कानात घोंघावणारं काहीतरी गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. बाबांनी दुसऱ्या हातानं तळवा चोळायला घेतला. "चोळू नका!" मी त्यांना गच्चीवरच्या नळाकडे नेलं. उन्हानं नळाचं पाणी कोमट होतं, तेवढं एक बरं. पाण्याखाली हात धरून ते उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे. ते माझ्याकडे बघत नव्हते. मीही बघत नव्हते. आम्ही दोघं पाण्याकडे बघत होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आत्ता झालं ना, तुझ्यासमोर."

"बाबा."

"वारा आहे. वाऱ्यानं बधिर होतं."

शिडीवरून धापा टाकत मिरोनकाका आले. पांढरा शर्ट, अर्धी बटणं उघडी, एका गालाला साबण. त्यांनी हात पाहिला आणि साबण नसलेला गालही साबणाच्या गालाइतका पांढरा पडला.

"चल, गाडीत बस. आरोग्य केंद्रात."

"हॉल उकळतोय तुझा."

"हॉल गेला चुलीत!"

"चुलीत गेलाच आहे तो. म्हणून तर थंड करून जातो."

"अर्गिरो आहे ना?"

मिरोनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी आहे."

"मग झालं तर! सिंदेक्ने, तू नाही आलास तर मी तुला खांद्यावर टाकून शिडी उतरेन आणि दोघंही भाताच्या कढईत पडू. लोक वर्षानुवर्षं म्हणतील, काय चव होती त्या लग्नाला!"

बाबा हसले नाहीत. पण गेले. एक हात ओल्या फडक्यात, दुसऱ्या हातानं शिडी धरून, प्रत्येक पायरी डोळ्यांनी शोधत. मी वरून बघत होते. डोळ्यांनी शोधत! पायाला पायरी लागल्याचं पायाला कळत नव्हतं की काय? हा विचार मनात आला आणि मी तो तसाच वाऱ्यावर सोडून दिला, कारण वारा पुन्हा सुटला होता.

जाताना ते नेहमी सांगतात, हे बघ, ते कर, अमुक विसरू नको. आज काहीच सांगितलं नाही.

मग मी होते, यंत्र होतं आणि आग ओकणारी गच्ची. आत किती गॅस गेला आणि किती हवेत उडाला, याचा हिशेब आता कुणाच्याच तळव्यात नव्हता. एकच मार्ग: सगळा परत ओढून काढायचा आणि पहिल्यापासून वजनानं भरायचा. ओढून घेणारं मशीन सुरू केलं, रिकामा सिलिंडर जोडला. ते मशीन कधी घाई करत नाही. मी मात्र एका जागी उभी राहू शकत नव्हते. गेज बघायची, फोन बघायची, कठड्यापाशी जायची, परत यायची. फोन करू? ते गाडीत असतील. करू? अजून पोचले नसतील. खाली मिरोनकाकांची बायको सगळी दारं उघडून पंखे फिरवत होती. मला हाक मारून विचारत होती, "अर्गिरो, माझे आई, आणखी किती वेळ?" आणि मी म्हणत होते, "झालंच!"

सिलिंडर काट्यावर चढला. यंत्रावरच्या पत्र्यावर लिहिलेलं वजन, वर लांब पाइपांसाठी थोडं. व्हॉल्व्ह उघडला. सवयीनं ओठ हलले:

"तुझ्या विहिरीचं पाणी प्यालो, तहान काही जाईना..."

पुढची ओळ मी म्हटली नाही. आकडे उतरताना बघत राहिले. थेंबाथेंबानं, मध्ये थांबत, दाब बघत. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा मी पाइपाला हात लावला. गार. मी हात काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. माझ्या हाताला कळत होतं आणि त्याची मला लाज वाटत होती. का ते मला सांगता येणार नाही.

खालून टाळ्या आल्या. हॉलमधल्या झरोक्यांतून गार हवा उतरली होती, आणि कुणीतरी बाई चक्क तिच्याखाली उभी राहून गिरकी घेत होती.

मी हत्यारं तशीच टाकून गाडी काढली.

आरोग्य केंद्राच्या बाकावर बाबा बसले होते. मिरोनकाकांच्या बायकोनं कुणाच्या तरी हाती बाबांचे लग्नाला घालायचे कपडे पाठवले होते आणि त्यांनी ते तिथेच चढवलेले: काळा शर्ट, गुडघ्यापर्यंतचे काळे बूट, आणि बाहीतून बाहेर आलेला जाडजूड बँडेजचा गोळा. मिरोनकाका दारात उभे राहून घड्याळाशी भांडत होते.

"भरला?" बाबांनी विचारलं.

"भरला."

"मोजून?"

"मोजून."

त्यांनी मान हलवली. बरी की वाईट, कळलं नाही.

आतून डॉक्टरीणबाई आल्या, तरुण, केस वर बांधलेले. "हात वाचेल," त्या मला म्हणाल्या. "फोड येतील, ड्रेसिंग करत राहायचं. पण यांना आत घेते. बूट काढायचेत."

"हात भाजलाय आणि बूट काढायचे?" बाबा उसळले. "उद्या दात दुखला तर पँट काढायला लावाल!"

"साखर असलेल्या माणसाच्या हाताला कळेनासं होतं ना, काका, त्याच्या कितीतरी आधी पायाला कळेनासं झालेलं असतं. म्हणून बघायचंय."

"पाय ठीक आहेत. मला चर्चमध्ये जायचंय. पोरीचं लग्न आहे."

"सिंदेक्ने, काढ," मिरोनकाका दारातून म्हणाले. "पोरगी मुगुटाशिवाय थांबेल, पण तुझ्याशिवाय नाही निघायची."

"हे बूट घालायला तासभर लागतो!"

"मी काढते," मी म्हटलं.

पलंगावर ते बसले. मी खाली गुडघ्यांवर. एका हातानं टाच, दुसऱ्यानं पोटरी धरून बूट ओढला. निघेना. मी आणखी जोर लावला तसे बाबा पलंगावरून सरकले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मागून धरलं. बूट सुटला आणि मी पाठीवर पडता पडता वाचले. मोजा काढला. गोरा, बारीक पाय, बुटाबाहेरचा सूर्य कधी न पाहिलेला. मी बाबांचा पाय कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मासेमारीच्या दोरीसारखा एक ताठ धागा काढला. "डोळे मिटा. धागा लागल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणायचं."

बाबांनी डोळे मिटले.

धागा अंगठ्याच्या टोकाला टेकला, वाकला, उचलला गेला. बाबा गप्प. मग टाचेजवळ. गप्प. डॉक्टरीणबाईंनी धागा हवेत धरून ठेवला, नुसताच.

"हो," बाबा म्हणाले, खणखणीत.

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धागा पुन्हा तळपायाच्या मध्ये टेकला. शांतता. धागा हवेत.

"हो," पुन्हा.

मी ओठ दाबून धरले, पण घशातून काहीतरी निसटलंच, श्वासासारखं. बाबांच्या पापण्या हलल्या. उघडल्या नाहीत.

"अर्गिरो," ते म्हणाले. "आत्ता लावला होता का गं तिनं?"

बाहेर मिरोनकाकांनी गाडीचा हॉर्न एकदा, मग पुन्हा वाजवला. खिडकीचं झापड वाऱ्यानं भिंतीवर आपटलं.

"नाही, बाबा."

"आणि त्याआधी, मी गप्प होतो तेव्हा?"

"तेव्हा लावला होता."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या धाग्याकडे बघितलं, इतका बारीक, इतका साधा. मग बँडेजचा हात मांडीवर नीट ठेवला आणि दुसरा पाय माझ्यापुढे केला.

"ओढ," ते म्हणाले. "हाही बघू दे त्यांना."